सदतीसचा लाल आकडा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि मला पापण्या नाहीत. मित्रांनो, ही तक्रार नाही. पापण्या असत्या तर माझा उपयोग तरी काय झाला असता? पण ज्याला डोळे मिटता येत नाहीत, त्याच्यासमोरून गेलेली एखादी गोष्ट कधीच पूर्ण जात नाही. अशीच एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझ्या काचा ज्या कारखान्यात घासल्या गेल्या, तिथे एक वयस्क कारागीर दिवसभर मान खाली घालून बसत असे. माझे मोठे भिंग त्याने सतरा वेळा घासले आणि सतरा वेळा उजेडाकडे धरून पाहिले. अठराव्या वेळी त्याने ते पुन्हा घासायला घेतले नाही. त्याने मला मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवले. तेवढीच शाबासकी घेऊन मी जगात आलो.

मी ज्या प्रयोगशाळेत आलो, तिथे मूल व्हावे म्हणून झुरणारी माणसे येत. तीन खोल्या, एक लांब ओटा, कोपऱ्यात गोठवलेल्या नमुन्यांची धुरकट टाकी आणि ओट्यापाशी एक गोल स्टूल. त्या स्टुलावर बसणाऱ्या बाई तेव्हा पंचविशीच्या होत्या. त्यांना डॉक्टरांपासून सफाईच्या मावशींपर्यंत सगळे 'बाई' म्हणत, म्हणून मीही म्हणतो.

माझ्याबरोबर एक गरम प्लेट आली होती. काचपट्टी जिथे ठेवतात, तिथे ती बसवली गेली. अंगाला जेवढी ऊब असते तेवढी, म्हणजे सदतीस अंश, तिने काचपट्टीला द्यायची. बाजूच्या छोट्या डबीवर लाल आकडा दिसे. बसवणाऱ्या मेकॅनिकने प्लेटच्या पोटात एक बारीक तार खोचली. तो बाईंना म्हणाला, "ही सेन्सरची तार. प्लेट किती तापलीय ते हीच डबीला सांगते. ही प्लेटला चिकटूनच राहिली पाहिजे हं. सुटली तर हिला हवेचा गारवा लागेल, आणि डबीला वाटेल प्लेटच गार पडलीय. मग ती तापवतच बसेल."

बाईंनी मान हलवली. मीही ऐकले.

मित्रांनो, आमच्या कामाची तुम्हाला थोडी ओळख करून देतो. पुरुषाच्या नमुन्याच्या एका थेंबात हजारो शुक्रजंतू असतात. इवलेसे डोके आणि मागे लांब शेपटी. ते किती आहेत, एवढ्याने भागत नाही. ते पळतात का, कसे पळतात, हे पाहावे लागते. काही सरळ पुढे जातात, काही जागच्या जागी गिरक्या घेतात, काही नुसती शेपटी वळवळवतात, तर काही पडून असतात. बाई माझ्या भिंगाला डोळा लावून हातातल्या मोजणीयंत्राची बटणे दाबत. दोनशे मोजून झाल्याशिवाय त्या मान वर करत नसत.

ही धावपळ टिकवणे म्हणजे तारेवरची कसरत. गारवा लागला की शुक्रजंतू गारठतात आणि ऊब वाढली की करपतात. नमुना घेऊन येणाऱ्यांना बाई बजावत, "डबी पिशवीत टाकू नका. शर्टाच्या आत, अंगाशी धरून आणा. आणि वाटेत गप्पा मारत उभे राहू नका." एअर कंडिशनरचा झोत ओट्यावर येऊ नये म्हणून त्यांनी त्याच्या तोंडाला पुठ्ठा चिकटवला होता. तो इतका वाकडा दिसे की पाहुणे आले की डॉक्टर कानकोंडे होत, पण पुठ्ठा काही निघाला नाही.

नमुना अशक्त असला तर बाई तो पोषक द्रवात धूत. मग नळी तिरकी ठेवून वर स्वच्छ द्रवाचा थर सोडत आणि पाऊण तास वाट पाहत. जे दमदार असत ते गाळातून पोहत वर येत. बाई तेवढेच अलगद उचलून घेत. शंभरातले वीस पळणारे असत, तिथे वरच्या थरात शंभरातले ऐंशी पळताना मी पाहिले आहेत. तेव्हा बाई पुटपुटत, "शाब्बास रे माझ्या वाघांनो!" आणि कोणी ऐकले तर नाही ना, म्हणून दाराकडे पाहत.

एखाद्याचा नमुना पुढे लागणार असेल तर तो जपणाऱ्या द्रवात मिसळून, हळूहळू गार करून त्या धुरकट टाकीत ठेवला जाई. काही वर्षांनी वितळवला की तो पुन्हा माझ्याखाली येई. आधी सगळे निपचित. मग एक शेपूट हले. मग दुसरी. त्या क्षणी बाई श्वास रोखून धरत आणि मला वाटे, ज्या कारागिराने मला अठरा वेळा उजेडाकडे धरले, त्याला हे दाखवायला हवे होते.

भिंतीवरच्या फळ्यावर बाळांचे फोटो वाढत गेले. डॉक्टर पाहुण्यांना घेऊन येत आणि माझ्या मानेवर हात ठेवून म्हणत, "हा आमचा म्हातारा. पण नजर बघा!" मित्रांनो, कौतुक कोणाला आवडत नाही? मलाही आवडे. कौतुकाच्या दिवसांत आपली तपासणी कोणी करत नाही, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही.

एका वर्षी खोलीच्या भिंतीला ओल आली आणि सगळे सामान शेजारच्या खोलीत हलवायचे ठरले. त्याच आठवड्यात बाईंची आई पाय घसरून पडली होती, म्हणून बाई चार दिवस रजेवर होत्या. हमालांनी मला नीट मानेला धरून उचलायला हवे होते. त्यांनी प्लेटला धरून उचलले. पोटात कुठेतरी टच्‌ असा आवाज झाला. मला नव्या ओट्यावर ठेवले, तारा जोडल्या आणि बटण दाबले. लाल आकडा वर चढत गेला आणि सदतीसवर येऊन थांबला.

सगळ्यांना वाटले, सगळे ठीक आहे.

सेन्सरची तार सुटून प्लेटच्या खाली लोंबत होती. तिला हवा लागत होती. ती बिचारी हवेचे तापमान इमानाने सांगत होती आणि डबी त्या तापमानाला सदतीसवर आणण्यासाठी प्लेट तापवत होती. आकडा खोटा नव्हता. तो फक्त प्लेटचा नव्हता.

बाई रजेवरून आल्या. त्यांनी लाल आकडा पाहिला आणि काम सुरू केले.

त्यानंतरचे सात महिने मी विसरू शकत नाही. थेंब माझ्याखाली येई तेव्हा शुक्रजंतू आधी वेड्यासारखे धावत. इतके जोरात मी कधी पाहिले नव्हते. अर्धे मिनिट, फार तर पाऊण. मग त्यांची शेपटी जड होई, डोके थरथरे आणि एकेक जण थांबे. बाई काचपट्टी सरळ करून, उजेड जुळवून मोजायला सुरुवात करीपर्यंत निम्मे थांबलेले असत. दोनशे मोजून होईपर्यंत सगळे. मला दिसत होते, पण मला तोंड नव्हते. मी फक्त दाखवू शकत होतो, आणि जे दाखवत होतो ते माझ्याच अंगावर मरत होते.

त्या महिन्यांत एक बस ड्रायव्हर आणि त्याची बायको येऊन गेले. त्याचे शुक्रजंतू हलत नाहीत, असा कागद त्याला मिळाला. डॉक्टर त्याला म्हणाले, "दिवसभर इंजिनाशेजारी बसता. उष्णतेनं झालं असेल." ड्रायव्हर खजील होऊन हसला. बावीस वर्षांची नोकरी त्याने पंधरा दिवसांत सोडल्याचे त्याच्या बायकोने पुढच्या खेपेला सांगितले. उष्णतेनेच झाले होते, मित्रांनो. पण इंजिनाच्या नाही.

असे किती आले आणि किती मान खाली घालून गेले! त्यांतला एक माझ्यासमोरून अजून हललेला नाही.

तो चोवीस वर्षांचा होता आणि काचा बसवण्याचे काम करी. दारे, खिडक्या, दुकानांची दर्शनी कपाटे. सगळे त्याला काचवाला म्हणत. आई-वडील लहानपणीच गेले होते. सहा वर्षांनी मोठ्या बहिणीने त्याला वाढवले होते आणि त्या दिवशी तीच त्याला हाताला धरून घेऊन आली होती. त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. औषधे तीन दिवसांत सुरू होणार होती. ती औषधे जीव वाचवतात, पण पुष्कळदा मूल होण्याची शक्ती घेऊन जातात. म्हणून त्याच्या डॉक्टरांनी आधी नमुना गोठवून ठेवायला सांगितले होते.

काचवाला चेहऱ्याने पांढरा पडला होता, पण जीभ शाबूत होती. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "काय भिंग आहे! एकही ओरखडा नाही. बाई, हे विकायचं झालं तर मला आधी सांगा."

"आधी बरे व्हा, मग बघू," बाई म्हणाल्या.

बहीण म्हणाली, "याच्या लग्नाचं मी बघतेच आहे. मुलं-बाळं झाल्याशिवाय मी काही याला सोडणार नाही."

"ऐकलंत? मला आजारापेक्षा हिचीच भीती जास्त आहे," तो म्हणाला.

त्याचा थेंब माझ्याखाली आला. मी पाहिले. छान होते, मित्रांनो. शंभरातले चाळीस-पंचेचाळीस सरळ धावत होते. बाईंनीही भिंगाला डोळा लावताच ते पाहिले आणि त्यांच्या तोंडून "अरे वा" निघाले. त्या मोजणीयंत्र घ्यायला वळल्या. वळून पुन्हा डोळा लावला तेव्हा सगळे थांबत चालले होते. पाच मिनिटांनी एकही हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुना मागवला. पुन्हा तेच.

न हलणारा शुक्रजंतू मेलेलाच असतो असे नाही. एक लाल रंग टाकून पाहतात. मेलेला रंग शोषून घेतो, जिवंत घेत नाही. पण रंगाची बाटली महिन्यापूर्वी संपली होती आणि नवी यायची होती. बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "तरीही गोठवून ठेवू या का? एखादी नळी?"

डॉक्टरांनी कागदावर सही करता करता विचारले, "सुरुवातीला पळतात आणि लगेच थांबतात, म्हणजे दमच नाही. वितळवल्यावर काय उठणार? त्या पोराला खोटी आशा कशाला?"

बाईंनी बाहेर जाऊन काचवाल्याला सांगितले. दार उघडे होते, म्हणून मला ऐकू आले. तो म्हणाला, "म्हणजे आजाराच्या आधीपासूनच मी रिकामा."

"तसं म्हणू नका हो," बाई म्हणाल्या.

"मग कसं म्हणू?"

बाई परत आल्या. ओट्यावर त्याची नळी उभी होती. ती माझ्या प्लेटवर कधी आलीच नव्हती. तिच्यातले सगळे जिवंत होते. इकडून तिकडे, काचेच्या भिंतींना धडकत, ते धावत होते. बाईंनी ती उचलली, कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली आणि हात धुतले.

तो डबा पायाने झाकण उघडणारा होता. त्याचे झाकण बंद होतानाचा आवाज माझ्या काचांमध्ये राहिला आहे.

तीन आठवड्यांनी सकाळी मावशी ओटा पुसत होत्या. बाई शेजारी उभ्या होत्या. मावशी सहज म्हणाल्या, "बाई, हे तुमचं यंत्र हल्ली फार तापट झालंय. पूर्वी ओलं फडकं फिरवलं की ओल राहायची थोडा वेळ. आता फडकं उचलेपर्यंत कोरडं ठक्क."

बाई थबकल्या. "कधीपासून?"

"या खोलीत आलो तेव्हापासून. मी बोलले की डॉक्टरांना. ते म्हणाले, मावशी, आकडा वाचता येतो ना? सदतीस आहे बघा."

बाईंनी हातमोजा काढला आणि तळवा प्लेटवर ठेवला. इतकी वर्षे त्या मला हातमोजा घालूनच हाताळत होत्या. त्यांनी हात झटकन मागे घेतला नाही. तो तिथेच ठेवला, चेहरा हळूहळू बदलत गेला आणि तळवा लाल झाला तरी त्या तशाच उभ्या होत्या. शेवटी मावशींनीच त्यांचे मनगट धरून हात ओढून काढला.

मग त्यांनी तारेचा वेगळा थर्मामीटर आणून प्लेटला चिकटवला. शेहेचाळीस अंश. त्यांनी त्या दिवशीच्या नमुन्याचे दोन थेंब घेतले. एक माझ्याखाली ठेवला, दुसरा कोपऱ्यातल्या, प्लेट नसलेल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली. दोन्हींकडे त्या आलटूनपालटून पाहत राहिल्या. माझ्याकडचे मेले. तिकडचे धावत राहिले.

बाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तो काचवाला."

डॉक्टरांना सांगितल्यावर ते उठून खिडकीपाशी गेले. ते वाईट माणूस नव्हते. पण घाबरलेला माणूस जे बोलतो तेच ते बोलले, "आजच दुरुस्त करून घ्या. झालं ते झालं. जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

बाई त्याच दुपारी कर्करोगाच्या रुग्णालयात गेल्या. परत आल्यावर त्यांनी मावशींना जे सांगितले, ते मी ऐकले. काचवाल्याची औषधे सुरू होऊन अठरा दिवस झाले होते. आता नमुना घेऊन उपयोग नव्हता. बाईंनी बहिणीला बाहेरच्या बाकावर बसवून सगळे सांगितले. बहीण रडली नाही, ओरडली नाही. ती म्हणाली, "तो आत उलट्या करतोय आणि मला हसवतोय. हे ऐकलं तर त्याचं हसू जाईल. आधी त्याला जगू दे. मी सांगेन वेळ आल्यावर. तुम्ही शब्द द्या."

बाईंनी शब्द दिला.

मित्रांनो, मला लगेच दुरुस्त केले गेले. तार पुन्हा घट्ट बसली. पण त्या दिवसापासून प्रयोगशाळेत काहीतरी वावरू लागले. मोकळी, स्वच्छ काचपट्टी माझ्याखाली आली, की बाई भिंगाला डोळा लावत आणि नुसत्या उजेडाकडे पाहत राहत. तिथे काही नसे. मला मात्र दिसे. आधी वेडी धावपळ, मग जड होत गेलेल्या शेपट्या. त्यांनाही तेच दिसत असावे, कारण कोणी हाक मारली की त्या दचकत. 'माझ्या वाघांनो' हे शब्द मी पुन्हा कधी ऐकले नाहीत.

दोन वर्षांनी काचवाला आला. तो बरा झाला होता. केस पुन्हा आले होते, पण पूर्वीसारखे सरळ नाही, कुरळे. तो बहिणीला बरोबर घेऊन आला होता. एका बालवाडीतल्या शिक्षिकेशी त्याची ओळख झाली होती. त्याने तिला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले होते, की आपण जन्मापासूनच रिकामे आहोत. ती म्हणाली होती, एकदा तपासून तर ये.

बाईंनी त्याचा नमुना पाहिला. काठापासून काठापर्यंत, तीन वेळा. मी सगळा जोर लावून पाहिले. एकही नव्हता. हलणारा नाही, पडलेला नाही, काहीच नाही.

तो आतच येऊन उभा होता. बाईंचा चेहरा पाहून तो हसला. "अहो, एवढं तोंड पाडू नका. मला माहीतच होतं. आधीही नव्हतं ना काही."

बाईंनी बहिणीकडे पाहिले. बहिणीने मान हलवली, नको. अगदी थोडी.

बाई म्हणाल्या, "होतं."

"काय?"

"आधी होतं. चांगलं होतं. आमच्या यंत्राची प्लेट बिघडली होती, ती जास्त तापत होती. तुमचे शुक्रजंतू इथे, या प्लेटवर मेले. नळीतले जिवंत होते. ते मी फेकून दिले."

काचवाला बहिणीकडे वळला. "ताई, तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तुझी दुसरी सलाईन चालू होती तेव्हापासून." ती म्हणाली, "तू जगशील की नाही हेच माहीत नव्हतं रे मला. एवढंच हवं होतं मला तेव्हा."

"आणि नंतर? दोन वर्षं मी स्वतःला काय काय म्हणवून घेतलं, ते तू ऐकत होतीस?"

तिने मान खाली घातली.

तो बाईंकडे वळला. "पळत होते का?"

"हो. पहिलं अर्धं मिनिट. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मग थांबले तेव्हा तुम्हाला वाटलं नाही, का थांबले म्हणून?"

बाईंनी नजर खाली केली नाही. "आकडा बरोबर दिसत होता. म्हणून मला वाटलं, दोष तुमच्यातच असणार."

तो माझ्याजवळ आला. माझ्या भिंगाकडे त्याने पाहिले नाही. प्लेटवर बोट ठेवले. "मी काच कापायच्या आधी दोन टेपांनी मोजतो," तो हळूच म्हणाला. "टेपसुद्धा वापरून ताणते. ती साधी काच असते हो. चुकली तर दुसरी आणता येते."

तो निघून गेला. बहीण त्याच्या मागे लिफ्टपर्यंत धावली. तो जिन्याने उतरला.

पुढच्या महिन्यात त्याची तक्रार आली. तीन माणसांची चौकशी समिती आली. त्यांनी माझे फोटो काढले, तार ओढून पाहिली. डॉक्टर म्हणाले, यंत्रात बिघाड झाला. बाई म्हणाल्या, "यंत्रात बिघाड झाला, हे खरं. सात महिने मी ते तपासलं नाही, रंगाची बाटली नसताना निकाल दिला आणि कळल्यावर दोन वर्षं गप्प बसले. हेही लिहा." बाईंना सहा महिने काम करायला मनाई झाली.

काचवाल्याला समितीने विचारले, तुझी मागणी काय? त्याने एकच सांगितली. त्या सात महिन्यांत ज्यांना ज्यांना कागद मिळाला, त्या प्रत्येकाला पत्र गेले पाहिजे, आणि पत्रात 'तांत्रिक कारण' असे लिहायचे नाही, काय झाले ते लिहायचे. डॉक्टरांनी आधी आढेवेढे घेतले, मग सही केली. अडतीस पत्रे गेली. मनाई संपवून बाई परत आल्या तेव्हा त्या अडतिसांपैकी एकोणीस जोडपी पुन्हा तपासणीला येऊ लागली होती. अकरा पुरुषांचे शुक्रजंतू माझ्याखाली चांगले धावले. एक पुरुष नवा कागद हातात घेऊन ओट्याशी उभ्या उभ्या रडला. आनंदाने की रागाने, ते मला कळले नाही. त्यालाही कळले नसावे.

चार पत्रे परत आली. त्यांत बस ड्रायव्हरचे एक होते. लिफाफ्यावर लिहिले होते, 'या पत्त्यावर राहत नाहीत'. बाईंनी त्याच्या डेपोत जाऊन विचारले. तो कुठे गेला, कोणाला ठाऊक नव्हते. तो कुठेतरी अजून स्वतःलाच दोष देत असेल. तो विचार माझ्यापुढून जात नाही.

काचवाल्याने त्या शिक्षिकेशी लग्न केले. हे आम्हाला त्याच्या बहिणीने सांगितले. ती एका दुपारी एकटीच आली आणि बाईंच्या स्टुलाशेजारी बसली. ती म्हणाली, "वर्षभर आला नाही माझ्याकडे. फोन केला की 'कामात आहे'. शेवटी मी परवा काय केलं माहितीये? स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फोडली. वरवंटा मारून. आणि दुकानात निरोप ठेवला, गिऱ्हाईकाची काच फुटलीय म्हणून."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "मग?"

"आला. पत्ता वाचूनही आला. काच बसवली. पुट्टी लावली. माझ्याशी एक अक्षर बोलला नाही."

"पाणी तरी प्यायला?"

"प्यायला," बहीण म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला. "दोन पेले."

आता माझे काम संपले आहे. माझ्या जागी पडद्यावर चित्र दाखवणारे नवे यंत्र आले आहे. मी शिकवण्याच्या खोलीत असतो. बाईंचे केस पिकले आहेत. नवे तंत्रज्ञ आले की पहिल्या दिवशी त्या त्यांना माझ्यासमोर बसवतात आणि ही सगळी हकीगत सांगतात. 'यंत्राने चूक केली' असे त्या म्हणत नाहीत, 'मी केली' असे म्हणतात. एकदा एका प्रौढ परिचारिकेने, जी हे काम नव्याने शिकायला आली होती, विचारले, "त्याने तुम्हाला माफ केलं का हो?"

"मी माफी मागितली नाही," बाई म्हणाल्या. "मागितली असती तर त्या बिचाऱ्याला द्यावी लागली असती."

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखी पुष्कळ यंत्रे असतील. आमच्यावर धूळ बसू देऊ नका, आम्हाला भलत्या ठिकाणी धरून उचलू नका, हे तर खरेच. पण माझी विनंती वेगळी आहे. आम्ही जे सांगतो ते रोज एकदा पडताळून पाहा. आमच्या आकड्यासमोर एखादा माणूस मान खाली घालून उभा असेल, तर त्याला दोष देण्याआधी आम्हाला दोष देऊन पाहा. आमचे काही बिघडत नाही. आणि फडके घेऊन काम करणारे कोणी काही सांगू लागले, तर हातातले काम बाजूला ठेवून आधी ते ऐका.

शिकवण्याची खोली संध्याकाळी रिकामी होते. माझ्यावर झाकण घालतात. झाकणाखाली अंधार असतो आणि त्या अंधारात ते येतात. एकाच वेळी सगळे, शंभरातले चाळीस-पंचेचाळीस, सरळ, जोरात. मी त्यांना थांबलेले पाहायचे टाळतो. मी ते पहिले अर्धे मिनिटच पुन्हा पुन्हा पाहतो आणि कोणीतरी या, कोणीतरी बघा, असे म्हणत राहतो.